रात्रीची लाईट, उसाचं रान आणि मोटारीची कामं: टॉर्च कोणती घ्यावी?

बांधावरचा

मंडळी, गाव जुन्नर तालुक्यात. थोडी बागायत आहे, आणि जोडीला पाणबुडी मोटारी ओढून काढणं, स्टार्टर बघणं, केबल जोडणं ही कामं करतो. शेतीची थ्री फेज दिवसाच्या पाळीत आठ तास, रात्रीच्या पाळीत दहा. रात्रीची पाळी लागली की सगळं गाव दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रानात, आणि कुणाची मोटर बसली की फोन मला.

टॉर्चकडून मागणं एवढंच. उसाच्या सरीत पायाखालचं नीट दिसावं, कारण घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत आमच्याकडे. बांधाच्या पलीकडे काय हललं ते कळावं, कारण बिबट्याही आहे. पॅनेल उघडल्यावर दोन्ही हात मोकळे राहावेत. पाटात पडली तर काढून पुसून परत चालू व्हावी. घरी म्हातारी माणसं आहेत, त्यांनाही वापरता आली तर बरं.

बाजारात गेलो तर प्रत्येक खोक्यावर 'पाच किलोमीटर' आणि 'एक लाख लुमेन'. सध्याची टॉर्च सुरुवातीला झगझगीत आणि तासाभरात मलूल. बजेट अडीच हजार, फारच चांगली असेल तर तीन. बोला.

लुमेनशास्त्री

आधी खोकं बाजूला ठेवा आणि आतला सेल बघा. टॉर्च म्हणजे शेवटी सेलमधली वीज उजेडात बदलणारं यंत्र. जेवढी वीज आत, त्याच्याच हिशेबात उजेड बाहेर.

बहुतेक चार्जिंगच्या टॉर्चमध्ये १८६५० हा सेल असतो. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. चांगल्या कंपनीचा असेल तर साधारण ३५०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). म्हणजे ३.५ अँपिअर-तास गुणिले सरासरी ३.६ व्होल्ट, झाले साडेबारा वॅट-तास. चांगली एलईडी आणि चांगलं सर्किट मिळून, सगळी गळती धरून, वॅटला शंभरेक लुमेन (एकूण उजेडाचं माप) देतात. मग एका सेलमध्ये तुमच्याकडे साडेबाराशे 'लुमेन-तास' आहेत. ते कसे खर्चायचे ते तुम्ही ठरवा: १००० लुमेनवर सव्वा तास, ३०० लुमेनवर चार तास, १०० लुमेनवर रात्रभर.

आता 'दहा हजार लुमेन' याच हिशेबात बसवा. शंभर वॅट लागतील. सेल साडेसात मिनिटांत संपेल, तेही सेलनं तेवढा करंट दिला आणि तुमच्या हातानं ती उष्णता सोसली तर. एक लाखाचं गणित तुम्हीच करा.

तुमच्या कामाला २१७०० सेलची घ्या. २१ मिमी जाड, ७० मिमी लांब, ५००० एमएएचपर्यंत मिळतो. १८ वॅट-तास. ३०० लुमेनवर सहा तास. रात्रीच्या दहा तासांत तुम्ही टॉर्च सतत जाळत नाहीच.

ट्रॅक्टरवाला

आकडेमोड राहू द्या राव. झूमवाली घ्या. काच पुढे ओढली की झोत पार ओढ्यापलीकडं. आमच्या इकडं सगळ्यांकडं तीच आहे, पाच-सहाशेत येते.

घाटवाट

झूमवाली रानात नेऊ नका, निदान पावसाळ्यात तरी नाही. ते पुढचं नळकांडं सरकतं म्हणजे त्याला फट असणारच. टॉर्च गरम असते, पाण्यात पडली की आतली हवा आक्रसते आणि फटीतून पाणी आत ओढलं जातं. दुसरं म्हणजे झोत आवळला की एलईडीचा बराचसा उजेड नळकांड्याच्या आतल्या भिंतीवरच वाया जातो. समोर चौकोनी ठिपका पडतो, आजूबाजूला अंधार. सरीत चालताना साप त्या ठिपक्यात येऊन बसणार आहे का?

ट्रेकला आम्ही काही वर्षांपासून कपाळावरची टॉर्च आणि हातातली टॉर्च अशी जोडी नेतो. कपाळावरची पसरट, हातातली लांब पल्ल्याची. एकाच टॉर्चकडून दोन्ही कामं मागितली की दोन्ही अर्धवट होतात.

जुना जाणता

आमच्या वेळी पितळी दोन सेलची बॅटरी असायची. तीन पिढ्या टिकली. विहिरीत पडून वर काढली, सुकवली, परत पेटली. आताच्या या खेळण्यांना सहा महिने आयुष्य. त्या जुन्या बॅटरीचं बटण सरकवलं की जो 'खट्ट' आवाज यायचा, त्यात एक भरवसा होता.

लुमेनशास्त्री

काका, पितळी नळी तीन पिढ्या टिकली हे खरंच. पण त्या बल्बचा उजेड दहा-वीस लुमेन असायचा. आज मोबाइलची टॉर्च त्याच्यापेक्षा जास्त उजेड देते. आणि सेल आत विसरले की त्यांचं पाणी सुटून नळी आतून हिरवी व्हायची, तेही आठवत असेल. तुमच्या त्या 'खट्ट'बद्दल मात्र पूर्ण सहमत. शेपटाला खरं यांत्रिक बटण असलेली टॉर्च आजही मिळते, आणि कामाच्या माणसानं तीच घ्यावी. इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्चमध्ये बंद असतानाही सर्किट थोडी थोडी वीज पीत राहतं. तशी असेल तर ठेवताना शेपूट पाव फेरा सैल करा, बहुतेक टॉर्चमध्ये तेवढ्यानं जोड तुटतो. खिशात चुकून पेटून मांडी भाजणंही टळतं.

किटकॅट

इचलकरंजीत वायरिंग आणि मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. पॅनेलबद्दल बोलतो, कारण वर सगळे रानाबद्दलच बोलतायत.

चालू पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमची टॉर्च घेऊन वाकायचं नाही. तोंडात धरून तर मुळीच नाही. हातातून सुटली आणि दोन बसबारवर (पॅनेलमधल्या उघड्या वीजपट्ट्यांवर) आडवी पडली की पुढचं सांगायला नको. पॅनेलच्या पिशवीत एक प्लास्टिकची, पेन्सिल सेलची साधी टॉर्च वेगळी ठेवा. तिला फक्त हात-दोन हातांवरचं दाखवायचंय, शंभर लुमेनही भरपूर झाले. चकचकीत रंगवलेल्या पॅनेलमध्ये जास्त उजेड उलटा डोळ्यांवर येतो.

उजेडाचा रंग बघा. स्वस्त टॉर्चचा निळसर पांढरा उजेड दिसायला प्रखर वाटतो, पण त्यात लाल आणि तपकिरी वायर एकसारख्या दिसतात. लाल-पिवळा-निळा फेज ओळखायचा, जळालेल्या वाइंडिंगचा वार्निश नुसता काळवंडलाय की करपलाय ते बघायचं, तर ४००० ते ५००० केल्विनचा (हे उजेडाच्या छटेचं माप), रंग खरे दाखवणारा उजेड हवा. रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा म्हणजे सीआरआय, खोक्यावर तो ९० किंवा जास्त लिहिलेला असतो. लुमेन थोडे कमी मिळतात. मिळू देत.

आणि एक गोष्ट मोटारीवाल्यांना कुणी सांगत नाही. स्वस्त टॉर्च उजेड कमी करण्यासाठी एलईडी भराभर चालू-बंद करते. डोळ्याला कळत नाही, पण त्या उजेडात फिरणारं कपलिंग किंवा पंखा हळू फिरतोय, कधी कधी तर थांबलाय असं दिसू शकतं. हात घालणारा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. विकत घेताना टॉर्च मंद करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती टॉर्च फिरत्या मोटारीजवळ नको.

बांधावरचा

किटकॅटदादा, हे पट्ट्यांचं आत्ता लगेच करून बघितलं. माझ्या टॉर्चला पट्टेच पट्टे.

घाटवाट, बिबट्यासाठी तुमची कपाळावरची चालेल का? की लांबचा झोतच लागेल?

घाटवाट

उलट कपाळावरची जास्त चांगली. जनावराचे डोळे उजेड जिथून आला तिकडेच परत फेकतात. टॉर्च तुमच्या डोळ्यांजवळ असेल तर ती चमक तुमच्यापर्यंत येते, कमरेशी धरली तर बरीच निसटते. कपाळावर दोन-तीनशे लुमेन असले तर पन्नासेक मीटरवरचे डोळे सहज चमकतात. कुत्र्याचे, कोल्ह्याचे, म्हशीचेही चमकतात, तेव्हा लगेच पळत सुटू नका. सरीत दवासारखे हिरवट ठिपके चमकतात ते बहुधा कोळी असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. साप मात्र असा चमकत नाही. त्यासाठी पायापुढचा पसरट उजेडच हवा, आणि गमबूट.

धुक्यात याच्या बरोबर उलटं. कपाळावरची टॉर्च पेटवली की डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा ती बंद करून हातातली गुडघ्याच्या उंचीवर धरा. थंडीत पहाटे तुमच्याकडे धुकं असतंच.

ऊसतोड्याचा पोरगा

बिबट्याचं टॉर्चवर सोडू नका. वन खातं सांगतं तेच खरं: एकट्यानं जाऊ नका, मोठ्यानं बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चला, आणि अंधारात उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करू नका. वाकलेला माणूस त्याला सावजाएवढा दिसतो. व्हॉल्व्ह बघायला वाकायचं असेल तर दुसऱ्यानं उभं राहून उजेड धरायचा. झोत डोळ्यांवर मारून त्याला डिवचायला कुणी जाऊ नये.

लुमेनशास्त्री

पल्ल्याबद्दल दोन ओळी, म्हणजे 'पाच किलोमीटर'चा फुगा फुटेल. चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल-१ या मानकाप्रमाणे आकडे छापतात. त्यात पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स (समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो ते अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढं. तिथे काहीतरी आहे एवढं कळेल, काय आहे ते कळेलच असं नाही. म्हणून छापील पल्ल्याचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा कामाचा धरा. लुमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती आवळलाय ते. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पल्ला दुप्पट हवा तर कँडेला चौपट लागतात. पाच किलोमीटरला किती लागतील? साठ लाखांच्या वर. पाचशे रुपयांत.

याच मानकात लुमेन चालू केल्यानंतर ३० सेकंदांनी मोजतात आणि 'चालण्याचा वेळ' उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. म्हणून '१००० लुमेन, ४ तास' वाचून हुरळू नका. पहिली दोन-चार मिनिटं हजार, मग टॉर्च तापते म्हणून सर्किट ते चारशेवर आणतं, पुढचा सगळा वेळ त्यावर. ही लबाडी नाही, ॲल्युमिनियमच्या एवढ्याशा नळीला तेवढीच उष्णता बाहेर टाकता येते. फक्त खरेदी करताना वरच्या आकड्याकडे न बघता मधल्या पायरीकडे बघा. ती किती लुमेन देते आणि किती तास देते? जिचं उत्तर '३०० लुमेन, पाच तास, उजेड एकसारखा' ती कामाची. तुमची तासाभरात मलूल होते ती बहुतेक बिनसर्किटची आहे: सेलचा व्होल्टेज उतरतो तसा उजेडही उतरतो.

खारा वारा

मालवणहून. आमच्याकडे टॉर्च पडून फुटत नाही, गंजून मरते. आतली स्प्रिंग आधी जाते. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ते नव्या टॉर्चचं आणि गोड्या पाण्याचं. दर पावसाळ्याआधी शेपूट उघडायचं, आटे कोरड्या फडक्यानं पुसायचे, रबरी रिंग तडकलीय का बघायची आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा हात द्यायचा. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच तर सगळ्यात आधी ढिलं होतं. शक्य असेल तर सेल बाहेर काढून चार्ज करता येईल अशी घ्या, म्हणजे टॉर्चला भोकच नको.

ट्रॅक्टरवाला

ग्रीस कशाला, खोबरेल लावायचं.

खारा वारा

थंडीत थिजतं ते, आणि मुंग्या येतात. लावा खुशाल.

नाइट ड्यूटी

सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. बांधावरचा यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं लिहिलंय ते सगळे विसरले. रात्री उठून बाथरूमला जाणाऱ्या माणसाला तीनशे लुमेन नकोत. डोळे दिपतात आणि टॉर्च बंद केल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, पडायला तेवढं पुरे. पाच-दहा लुमेनची सगळ्यात खालची पायरी बटण दाबताच आधी यावी. काही टॉर्च आधी पूर्ण जोरात पेटतात आणि मग खाली येतात, तशी नको. एकाच बटणात लुकलुक, एसओएस वगैरे सगळं कोंबलेली तर नकोच. आजीच्या हातात ती टॉर्च फटाक्यासारखी उडायला लागते आणि ती घाबरून टाकून देते.

वॉर्डात पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायलाही आम्ही मंद, उबदार उजेडाचीच वापरतो. शक्तिशाली टॉर्च कुणाच्याही डोळ्यांत मारू नये, गमतीतही.

प्लांटवाला

केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला आहे. धागा शेतीचा असला तरी शीर्षकात 'कामं' वाचून इतरही येतील, म्हणून. सॉल्व्हंट, एलपीजी, पेट्रोल अशा ठिकाणी वर चर्चा झालेली एकही टॉर्च चालत नाही. तिथे स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित टॉर्चच लागते. आपल्याकडे ही प्रमाणपत्रं पेसो ही पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था देते, त्यांचं मुख्यालय नागपूरला आहे. वॉटरप्रूफ म्हणजे फ्लेमप्रूफ नाही. घरात गॅसचा वास आला तर टॉर्चचं बटणही आत दाबू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या.

किटकॅट

प्लांटवाल्यांना अनुमोदन.

भिंतीत खुपसून चार्ज करायच्या जुन्या टॉर्च अजून गावोगाव आहेत, त्यांच्याबद्दलही लिहितो. मागे दोन पिनांची, आत चार व्होल्टचा लेड-ॲसिड सेल. उतरलेल्या अवस्थेत दोन महिने पडून राहिली की सेल मेला म्हणून समजा. आणि प्लगमध्ये असताना ती उघडायची नाही. आत ट्रान्सफॉर्मर नसतो, मेन्सची वीज थेट सर्किटवर असते. चार व्होल्टचा सेल बघून माणूस बिनधास्त बोट लावतो.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. मग ठरलं असं: कपाळावर लावता येईल आणि पट्ट्यातून काढून हातातही धरता येईल अशी काटकोनी टॉर्च, २१७०० सेल, शेपटाला चुंबक. पॅनेलसाठी प्लास्टिकची वेगळी. लांब पल्ल्याची सध्या नको, ती भाऊ त्याच्या पैशांनी घेईल. आता सेल. इथे दुकानात '९९०० एमएएच'शिवाय दुसरं काही दिसत नाही.

लुमेनशास्त्री

तेवढा त्या आकारात मावतच नाही. वजन करा. खरा १८६५० साधारण ४५ ग्रॅमच्या पुढे-मागे भरतो, २१७०० सत्तरच्या आसपास. नकली बरेचदा तीस-पस्तीस ग्रॅम, आत अर्धी जागा रिकामी. सोनाराच्या काट्यावर मिनिटभराचं काम आहे. जुन्या लॅपटॉपचे काढलेले सेल स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका. मीटर आहेच तुमच्याकडे: पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, आणि अडीचच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज न करता बाद करायचा. वरचं प्लास्टिक फाटलेला सेलही टॉर्चमध्ये नको, कारण त्याचं सगळं अंग ऋण टोक असतं.

घाटवाट

टॉर्च यूएसबी-सीवर चार्ज होणारी असेल तर दुकानातच दोन्ही बाजूंनी सी असलेली केबल लावून बघा. काही टॉर्चमध्ये दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात, त्या फक्त जुन्या रुंद तोंडाच्या केबलवरच चार्ज होतात. रानात नेमकी दुसरी केबल हाताशी असते.

किटकॅट

चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, रोज पुसा. आणि पॅनेलचं दार फायबरचं असेल तर तो चिकटणारच नाही, पट्टा सोबत ठेवा.

विदर्भी

गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आमच्याकडे मे महिन्यात बंद गाडीत काय तापतं ते सांगायला नको, लिथियम सेलला ते सोसत नाही.

बांधावरचा

घेतली. तीन हजारांच्या थोडी वर गेली. सेल सोनाराकडे ६९ ग्रॅम भरला, तो विचारत होता काय धातू आहे. कॅमेऱ्यात पट्टे नाहीत. मधल्या पायरीवर सरीत पंधरा-वीस पावलं पुढचं स्वच्छ दिसतं. आईला खालची पायरी जमली, पण तिचं म्हणणं बटण फार कडक आहे. जादा सेल खिशात ठेवला तर चालेल ना?

लुमेनशास्त्री

सुटा नको. खिशात किल्ली किंवा नाणं दोन्ही टोकांना टेकलं की सेल तापून पेटू शकतो. प्लास्टिकची सेलची डबी मिळते, सेल विकणाऱ्याकडेच असते. उद्या विमानानं कुठे गेलात तर जादा सेल त्याच डबीत घालून हातातल्या सामानात ठेवायचे, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.

ट्रॅक्टरवाला

विमानात दारं धरायला कोण चाललंय! भावाला सांगा, लांब पल्ल्याची घेतली की आधी माझ्या झूमवालीशी लावून बघू.